राणीच्या हातचे आठ गळपट्टे

सरकारी नोकरीत हयात घालवलेल्या माणसाच्या ट्रंकेचा तळ कधी उपसून पाहावा. बदल्यांचे हुकूम, जुन्या रेल्वे-पासांची कात्रणे, मुलांच्या शाळांचे दाखले आणि या सर्वांच्या खाली डांबराच्या गोळ्यांचा वास लागलेल्या चारदोन शाली. प्रत्येक शाल एकेका निरोपसमारंभाची. कोणती पाटण्याची आणि कोणती जबलपूरची, हे पुढे पुढे घरच्या माणसांनाही सांगता येत नाही. त्याच ढिगात एखादा लहानसा, हलका, हाताने विणलेला गळपट्टा असला तर मात्र तो कोणी दिला, कोणत्या थंडीत दिला, देताना काय म्हटले, हे सारे आठवते. शाल कचेरीच्या वर्गणीतून आलेली असते. गळपट्टा कोणाच्या तरी संध्याकाळी खर्चून आलेला असतो. मान कोणता मोठा, कागदावर नोंदलेला की हाताने विणलेला, हा प्रश्न आम्हा नोकरदारांना अधूनमधून पडतो. इ. स. १९०० मध्ये हाच प्रश्न एका साम्राज्यापुढे उभा राहिला होता, आणि त्याचा निकाल लागण्यास ५६ वर्षे गेली. ती हकीकत आठ गळपट्ट्यांची आहे. आम्हा भारतीयांचा तिच्याशी संबंध वरवर दिसतो त्याहून निकटचा आहे, म्हणून ती येथे सांगण्याचे योजिले आहे.

इ. स. १९०० च्या आरंभी व्हिक्टोरिया राणी ऐंशी वर्षे पुरी करून एक्याऐंशीव्या वर्षात होती. मोतीबिंदूने दृष्टी मंदावली होती, चालताना आधार लागे. दक्षिण आफ्रिकेत ११ ऑक्टोबर १८९९ रोजी बोअर लोकांशी युद्ध सुरू झाले होते. डिसेंबरमध्ये स्टॉर्मबर्ग, मॅगर्सफाँटेन आणि कोलेन्झो या तीन ठिकाणी एका आठवड्याच्या आत इंग्रजी फौजांचे पराभव झाले. इंग्रजांच्या इतिहासात तो 'काळा आठवडा' म्हणून प्रसिद्ध आहे. नव्या वर्षाच्या शुभेच्छा म्हणून राणीने आघाडीवरील शिपायांना चॉकलेटचे पत्र्याचे डबे पाठविले. ती देणगी सरसकट होती. परंतु याच सुमारास तिने स्वतःच्या हाताने आणखी एक काम चालविले होते. खाकी रंगाच्या लोकरीचे, सुमारे नऊ इंच रुंद व पाच फूट लांब, दोन्ही टोकांना झालर असलेले असे आठ गळपट्टे तिने क्रोशाच्या सुईने विणले. प्रत्येकावर तिच्या नावाची तीन आद्याक्षरे भरलेली होती : व्ही, आर आणि आय.

या तीन अक्षरांपाशी क्षणभर थांबले पाहिजे. पहिले व्हिक्टोरियाचे, दुसरे 'रेजिना' म्हणजे राणी या लॅटिन शब्दाचे. तिसरे 'इम्पेराट्रिक्स' म्हणजे सम्राज्ञी या शब्दाचे. व्हिक्टोरिया इंग्लंडची राणीच होती. सम्राज्ञी होती ती हिंदुस्थानची. १८७६ मध्ये पार्लमेंटने तसा कायदा केला आणि १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस दरबार भरवून त्याची द्वाही फिरविण्यात आली. तेव्हा या गळपट्ट्यांवरील तिसरे अक्षर हिंदुस्थानच्या नावाचे होते. एवढेच नव्हे, त्यांचा रंगही हिंदुस्थानचाच होता. 'खाक' म्हणजे धूळ, राख. १८४० नंतरच्या दशकात वायव्य सरहद्दीवर उभारलेल्या गाइड्स पलटणीने प्रथम हा धुळीचा रंग अंगावर घेतला, आणि पन्नास वर्षांनी लाल डगले पेटीत ठेवून सारी इंग्रजी फौज खाकीत लढू लागली. शब्दही आपला, रंगही आपला, किताबही आपल्या भूमीवरून मिळालेला. या गोष्टीकडे आम्हाला पुढे पुन्हा यावयाचे आहे.

आता ज्या कलेने हे गळपट्टे झाले तिच्याविषयी दोन शब्द. दोन सुयांच्या विणकामात साऱ्या ओळीचे टाके एकाच वेळी सुईवर जिवंत असतात. सुई निसटली तर ओळच्या ओळ ओघळते. क्रोशात सुई एकच, तिचे टोक आकडीचे, आणि सुईवर जिवंत फास बहुधा एकच. साखळी घालावी, तिच्यात मुका खांब किंवा खांब उभा करावा, ओळ संपली की काम उलटवून परत फिरावे. मध्येच काम खाली ठेवले तर फार तर एक टाका सुटतो आणि तो बोटांनी चाचपूनही परत धरता येतो. म्हणूनच डोळे अधू झालेल्या आजीबाईला क्रोशा सोयीचा वाटतो. अरुंद गळपट्टा तर त्याहून सोपा, कारण ओळ लहान आणि वजन मांडीवर येत नाही. वीण मोकळी ठेवली म्हणजे लोकर थोडी लागते. पोकळीत हवा कोंडून ऊबही राहते. आमच्याकडे बाळाची कुंची किंवा टोपरे विणणाऱ्या बायकांना हे शास्त्र न शिकवता ठाऊक असते. दुसरी गोष्ट अशी की, गंजीफ्रॉक आणि पायमोजे विणणारी यंत्रे जगभर झाली, परंतु खरा क्रोशा अद्याप माणसाच्या हातानेच होतो. क्रोशाची वस्तू पाहिली की तिच्यामागे कोणाचा तरी हात होता, एवढे निश्चित समजावे.

ही कला फार प्राचीन असल्याचा समज आहे, पण तिचा पुरावा तसे सांगत नाही. लिस पालुदान या डॅनिश विदुषीने युरोपातील संग्रहालये व जुनी पुस्तके धुंडाळून असे दाखविले की, इ. स. १८०० च्या पूर्वी युरोपात क्रोशा प्रचारात असल्याचा भरवशाचा पुरावा सापडत नाही. छापील नमुन्यांपैकी अगदी आरंभीचे १८२३-२४ च्या सुमारास 'पेनेलोपे' नावाच्या एका डच मासिकात आले. मग ही कला आली कोठून? एक मत असे आहे की, तिचे मूळ आरीच्या भरतकामात आहे. कच्छ-गुजरातेतले मोची चामडे शिवण्याच्या आरीनेच रेशमी व सुती कापडावर साखळी टाक्याची नाजूक वेलबुट्टी काढीत, आणि त्यांचे काम जहाजांतून युरोपात जात असे. अठराव्या शतकात युरोपीय स्त्रियांनी ढोलासारख्या गोल चौकटीवर कापड ताणून आकडीच्या सुईने तसेच काम सुरू केले. पुढे कोणी तरी खालचे कापडच काढून टाकले आणि ती साखळी हवेत विणली. आकडी म्हणजे फ्रेंच भाषेत 'क्रोशे', तेच कलेचे नाव झाले. हे मत सर्वमान्य नाही. तथापि आकडीची चाल आणि टाक्याची घडण दोन्हीकडे एकच आहे, हे कोणीही सुई हाती घेऊन पडताळून पाहावे.

क्रोशाला प्रतिष्ठा आली ती मात्र राजवाड्यातून नव्हे, दुष्काळातून. १८४५ मध्ये आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि चारपाच वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व साथींनी मेली. तितकीच, किंबहुना अधिक, देश सोडून गेली. कॉर्क शहराजवळच्या उर्सुलाइन पंथाच्या जोगिणींनी आणि क्लोन्स गावी कॅसांड्रा हँड या धर्मोपदेशकाच्या पत्नीने निराधार बायका-मुलींना क्रोशाची जाळी विणावयास शिकविले. व्हेनिसची सुईने केलेली जाळी जितक्या दिवसांत होई त्याच्या थोड्या अंशात ही होत असे. सूत आणि एक आकडी एवढेच भांडवल. गुलाब, पान, वेल असे सुटे तुकडे निरनिराळ्या घरांत विणले जात आणि नंतर जाळीने एकमेकांस जोडले जात. एकेका घराण्याचा एकेक नमुना असे आणि तो शेजाऱ्यापासूनही लपवून ठेवीत. त्या जाळीवर कित्येक कुटुंबांनी वाईट वर्षे काढली, कित्येकांनी अमेरिकेचे तिकीट काढले. राणी मात्र त्या दुष्काळाची राणी म्हणूनच आयरिश देशभक्तांच्या स्मरणात राहिली. एप्रिल १९०० मध्ये, बोअर युद्धात लढणाऱ्या आयरिश शिपायांचे कौतुक करण्यासाठी वृद्ध राणी डब्लिनला गेली, तेव्हा मॉड गॉन या बाईने 'दुष्काळाची राणी' हा जळजळीत लेख लिहिला आणि तो छापणाऱ्या वृत्तपत्राचा अंक सरकारने जप्त केला. गळपट्टे विणणारा हात आणि हा लेख, दोन्ही एकाच वर्षातले आहेत. इतिहास लिहिताना यांपैकी एकच सांगितले तर ते अर्धसत्य होईल.

आता ते आठ गळपट्टे कोणाला मिळाले ते पाहू. चार गळपट्टे राणीचा नातू प्रिन्स ख्रिश्चन व्हिक्टर याजकडे गेले. तो ज्या ब्रिगेडबरोबर होता तिच्यातील डेव्हनशर, वेस्ट यॉर्कशर, ईस्ट सरे आणि वेस्ट सरे या चार पलटणींतील एकेका सार्जंटाला ते देण्यात आले. हा राजपुत्र त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर प्रिटोरिया येथे तापाने वारला. उरलेले चार गळपट्टे सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या स्वाधीन झाले. ते कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या वसाहतींच्या पथकांतील साध्या शिपायांपैकी ज्याने विशेष पराक्रम केला असेल अशा एकेकाला द्यावयाचे होते. सनदी अधिकाऱ्यांना द्यावयाचे नव्हते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

कॅनडाचा गळपट्टा रिचर्ड रोलँड टॉम्प्सन याला मिळाला. हा जन्माने आयर्लंडातील कॉर्कचा, म्हणजे क्रोशाने ज्या गावाला जगविले त्याच गावचा. पार्डेबर्गच्या लढाईत, १८ फेब्रुवारी १९०० रोजी, एका सोबत्याच्या मानेची शीर गोळीने तुटली. टॉम्प्सन कित्येक तास गोळ्यांच्या वर्षावात त्याच्यापाशी पडून ती शीर दाबून राहिला, आणि तो सोबती वाचला. नऊ दिवसांनी तो खंदकातून बाहेर पडून आणखी एका जखमी माणसाकडे धावला, पण तो मनुष्य त्याच्या हाती लागण्यापूर्वीच गेला होता. ऑस्ट्रेलियाचा गळपट्टा अल्फ्रेड ड्यू फ्रेयर याला मिळाला, त्याने घोडा गमावलेल्या सोबत्याला भर गोळीबारात आपल्या घोड्यावर घेऊन आणले होते. न्यूझीलंडच्या हेन्री कूट्स याने ३१ मार्च १९०० रोजी सॅनाज पोस्टच्या दुर्दैवी चकमकीत असेच एका जखमी शिपायाला सोडविले. दक्षिण आफ्रिकेच्या पथकाचा मानकरी लेनर्ड चॅडविक तर जन्माने अमेरिकन. दोनच वर्षांपूर्वी, मे १८९८ मध्ये, क्यूबाच्या किनाऱ्यावर शत्रूच्या समुद्री तारा तोडल्याबद्दल त्याला अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळालेले होते.

या चौघांच्या कृत्यांत एक समान सूत्र दिसते. त्यांपैकी तिघांना मान मिळाला तो शत्रूला मारल्याबद्दल नव्हे, आपल्या माणसाला वाचविल्याबद्दल. टॉम्प्सनची व्हिक्टोरिया क्रॉससाठी दोनदा शिफारस झाली होती, पण ते पदक त्याला मिळाले नाही. पुढे १९०८ मध्ये, तिशी जेमतेम ओलांडली असता, अमेरिकेत आंत्रपुच्छाच्या दुखण्याने तो वारला. कूट्सने आपला गळपट्टा १९१३ मध्ये न्यूझीलंडच्या सरकारला अर्पण केला. ड्यू फ्रेयरचा आज कॅनबेराच्या युद्धस्मारकात आहे. टॉम्प्सनचा ओटावाच्या युद्धसंग्रहालयात आहे.

राणी २२ जानेवारी १९०१ रोजी निवर्तली. आता असे गळपट्टे पुन्हा होणे नव्हते. आणि मग त्यांच्याभोवती आख्यायिका जमू लागली. वसाहतींतील वृत्तपत्रांनी लिहिले की, राणीचा गळपट्टा हा व्हिक्टोरिया क्रॉसच्या तोडीचा सन्मान आहे. कोणी म्हणाले त्याहून श्रेष्ठ, कारण क्रॉस शेकडो दिले गेले आणि गळपट्टे आठच. ही समजूत दोन पिढ्या टिकली. अखेर १९५६ मध्ये, व्हिक्टोरिया क्रॉसच्या शताब्दीच्या वर्षी, राजवाड्याकडून खुलासा झाला : गळपट्टा हा मोठा व एकमेव असा सन्मान खरा, परंतु व्हिक्टोरिया क्रॉसचा दर्जा त्याला नाही. कारण सरळ होते. क्रॉसच्या मागे १८५६ ची सनद होती, नियम होते, राजपत्र होते. गळपट्ट्यामागे सनद नव्हती. होती ती फक्त एक म्हातारी आणि तिची आकडी.

कचेरीच्या दृष्टीने राजवाड्याचा निर्णय बिनचूक होता, याविषयी आमच्या मनात शंका नाही. ज्या बाबीची फाइल नाही ती बाब नाही, हे तत्त्व आम्हीही जन्मभर पाळले आहे. पण लोकांची समजूत अगदीच खुळी होती काय? आम्हास तसे वाटत नाही, आणि याचे कारण इंग्रजांच्या इतिहासात नसून आपल्या इतिहासात आहे.

वस्त्र हाच मान, ही कल्पना आपल्याकडे शतकानुशतके रुजलेली आहे. मुसलमानी दरबारांत खिलत देत. 'शिरपाव' या शब्दाचा अर्थच शिरापासून पायापर्यंतचा पोशाख. बादशहाने स्वतःच्या अंगावरचे, निदान अंगाला लावलेले वस्त्र उतरून दिले तर तो मान सर्वांत मोठा, कारण वस्त्राबरोबर देणाऱ्याचा स्पर्श येतो आणि स्पर्शाबरोबर अधिकाराचा अंश येतो, अशी श्रद्धा. आग्र्याच्या दरबारात १२ मे १६६६ रोजी काय घडले? समकालीन राजस्थानी पत्रांवरून दिसते की, शाहजाद्यांना, वजीर जाफरखानाला आणि जसवंतसिंगाला खिलती मिळाल्या, शिवाजी महाराजांना मिळाली नाही. महाराजांचा संताप अनावर झाला. मागाहून देऊ केलेली खिलत त्यांनी साफ नाकारली. येथे प्रश्न रेशमाच्या चार वारांचा नव्हता. कोणाची गणना कोणात होते, याचा होता. पुढे मराठी राज्यात पेशवेपद मिळाले असे कोणी म्हणत नसे, 'पेशवाईची वस्त्रे मिळाली' असेच म्हणत. १७२० मध्ये थोरल्या बाजीरावांना शाहू महाराजांनी दिली ती वस्त्रेच. शिक्कामोर्तब त्यात आलेच, परंतु जिभेवर वस्त्रे राहिली.

या मापाने पाहिले तर राणीचा गळपट्टा ही इंग्रजी राजवटीतील सर्वांत खरी खिलत म्हणावी लागेल. दरबारच्या खिलती तोशाखान्यातून येत आणि त्यांची किंमत कारकून लिहून ठेवी. हा गळपट्टा राज्यकर्तीने स्वतः टाका टाका मोजून केलेला होता. ऑस्ट्रेलियातल्या मेंढपाळाला किंवा कॅनडातल्या लाकूडतोड्याला खिलत हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नाही. पण त्यांच्या मनाने जे ओळखले ते आमच्या पूर्वजांनी ओळखले होते तेच. सनदेने दिलेला मान सनदेइतका मोठा. हाताने दिलेला मान त्या हाताने किती वेळ दिला यावर मोजला जातो.

येथवर आल्यावर तिसऱ्या अक्षराचा प्रश्न उरतो. ज्या देशाच्या नावाचे अक्षर आठही गळपट्ट्यांवर होते, त्या देशाच्या एकाही माणसाच्या गळ्यात त्यांपैकी एकही पडला नाही. हिंदी शिपाई या युद्धात लढण्यासाठी उतरवावयाचेच नाहीत, ही गोऱ्यांची गोऱ्यांशी लढाई आहे, असे इंग्रज सरकारचे धोरण होते. भिस्ती, साईस, धोबी, डोलीवाले म्हणून मात्र हजारो हिंदी माणसे तेथे गेली. नाताळ वसाहतीत राहणाऱ्या हिंदी लोकांनी आपण होऊन सेवा देऊ केली. तीस वर्षांचे बॅरिस्टर गांधी हे त्यांचे पुढारी. सुमारे अकराशे माणसांचे शुश्रूषापथक उभे राहिले, त्यांत बहुसंख्य गिरमिटिये मजूर होते. कोलेन्झो आणि स्पिऑन कोप येथे त्यांनी जखमींना डोल्यांतून वाहिले. काही दिवशी वीस ते पंचवीस मैलांची मजल पडे. कोलेन्झोच्या लढाईत लॉर्ड रॉबर्ट्स यांचा एकुलता मुलगा, अंबाल्यास जन्मलेला लेफ्टनंट रॉबर्ट्स, प्राणांतिक जखमी झाला. त्याचा देह रणांगणातून आणण्याचा मान आमच्या पथकाला मिळाला, असे गांधीजींनी आपल्या दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासात लिहून ठेवले आहे. ज्या सेनापतीच्या हातून चार गळपट्टे वाटले गेले, त्याच्याच पुत्राला हिंदी खांद्यांनी उचलले होते. ज्याने सोबत्याला वाचविले त्याला गळपट्टा, हे माप लावावयाचे तर या पथकातील किती जण पात्र ठरले असते! त्यांच्या सदतीस पुढाऱ्यांना युद्धपदके मिळाली. डोली वाहणारे गिरमिटिये तसेच राहिले.

राणीने हिंदी माणसांना जाणूनबुजून डावलले, असा आरोप आम्ही करीत नाही. अब्दुल करीम या आग्र्याच्या मुनशीकडून ती अनेक वर्षे हिंदुस्थानी भाषा शिकत होती आणि त्यापायी तिने दरबारी मंडळींचा रोषही पत्करला होता. वाटणीचे धोरण तिच्या दिवाणखान्यात नव्हे, मंत्र्यांच्या कचेरीत ठरले होते. पण इतिहासात डावलले जाणे हे नेहमी द्वेषानेच होते असे नाही. पुष्कळदा यादी करणाराच्या नजरेच्या टप्प्यात आपण नसतो, एवढ्याने ते होते. हे दुःख बदलीच्या नोकरीत दूरच्या ठाण्यांवर वर्षे काढणाऱ्यांना निराळे समजावून सांगावयास नको.

तरीही एका हिंदी माणसाला त्या युद्धात वस्त्र मिळाले. लेडीस्मिथ शहराला बोअरांनी ११८ दिवस वेढा दिला होता. जवळच्या टेकडीवरून त्यांची तोफ गावावर गोळे टाकी. तोफेचा चमकारा दिसल्यापासून गोळा पोहोचेपर्यंत थोडा अवधी मिळे. तेवढ्यात इशारा मिळाला तर लोक आडोशाला जाऊ शकत. प्रभुसिंग नावाच्या एका गिरमिटिया मजुराला हे काम दिलेले होते. तोफ चालू असेपर्यंत उघड्यावर बसून टेकडीवर डोळे लावावयाचे आणि चमकारा दिसताच घंटा वाजवावयाची. त्याने एकदाही चूक केली नाही, अशी ग्वाही तेथील अधिकाऱ्याने दिली. ही वार्ता व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या कानी गेली, आणि त्यांनी प्रभुसिंगासाठी काश्मिरी झगा पाठवून तो जाहीर समारंभात देण्याविषयी नाताळ सरकारला कळविले. डर्बनच्या महापौरांनी नगरभवनात सभा भरवून तो अर्पण केला. ही सारी हकीकत गांधीजींच्याच ग्रंथात आहे. कर्झनसाहेबांना हिंदी दरबाराची रीत ठाऊक होती. वस्त्र द्यावे, चारचौघांत द्यावे, हे त्यांनी बरोबर ओळखले. फरक इतकाच की, झगा विणणारा हात काश्मीरच्या एका अज्ञात विणकराचा, देणारा हात व्हाइसरॉयचा, आणि घेणारा मनुष्य मळ्यावर करारबद्ध असलेला. खिलत होती, पण तोशाखान्यातली.

गळपट्टे विणले गेले त्याच वर्षी, एप्रिल १९०० मध्ये, राणीने सनद काढून 'कैसर-इ-हिंद' हे पदक सुरू केले. हिंदुस्थानात लोकसेवा करणाऱ्यांसाठी ते होते. १९१५ मध्ये या पदकाचा सुवर्णवर्ग गांधीजींना मिळाला. पुढे जालियनवाला बाग झाली, खिलाफतीचा प्रश्न आला. १ ऑगस्ट १९२० रोजी, म्हणजे लोकमान्य टिळक मुंबईस निवर्तले त्याच दिवशीच्या तारखेने, गांधीजींनी व्हाइसरॉयना पत्र लिहून कैसर-इ-हिंद, झुलू मोहिमेचे पदक आणि बोअर युद्धातले पदक, तिन्ही परत केली. सनदेने दिलेले मान सनदेसह परत करता येतात, ही त्यांची सोय म्हणावी की उणीव? आणि मग त्यांनी जे हाती धरले ते सूत होते. साम्राज्याला त्यांनी जे उत्तर दिले ते चरख्यावरचे.

या कथेचा शेवट लंडनला होतो. २० नोव्हेंबर १९४७ रोजी राजकन्या एलिझाबेथ, व्हिक्टोरियाची खापरपणती, हिचा विवाह झाला. हिंदुस्थान स्वतंत्र होऊन तीनच महिने लोटले होते. गांधीजींपाशी देण्यासारखी वस्तू नव्हती. त्यांनी स्वतः कातलेल्या सुताचे जाळीदार विणकाम करवून ते माउंटबॅटन यांच्याबरोबर नवरीला पाठविले. मध्यभागी शब्द विणलेले होते : 'जय हिंद'. हिऱ्यामोत्यांच्या आहेरांमध्ये ते सुती वस्त्र पाहून राजकन्येच्या आजीचा, राणी मेरीचा, गैरसमज झाला. ते गांधीजींचे नेसूचे पंचासारखे वस्त्र आहे असे वाटून ती रागावली, असे सांगतात. नवरीने मात्र ते जपून ठेवले. २०२२ मध्ये ती राणी निवर्तली तेव्हा भारताच्या पंतप्रधानांनी सांगितले की, एका भेटीत तिने गांधीजींनी लग्नात दिलेला रुमाल आपल्याला दाखविला होता. देणारा लग्नानंतर अडीच महिन्यांच्या आत दिल्लीस गोळ्यांना बळी पडला. त्याच्या बोटांनी काढलेला धागा सत्तर वर्षे त्या घराण्यात राहिला.

दोन्ही वस्तू आम्ही मनाने शेजारी ठेवून पाहतो. एक लोकरीची, खाकी, एका राज्यकर्तीने आपल्या शिपायांसाठी विणलेली. तिच्यावर तीन अक्षरे, आणि त्यांतले एक आमच्या नावाचे, आम्हाला न विचारता घातलेले. दुसरी सुताची, पांढरी, ज्याने त्या राज्याची पदके परत केली त्याने त्याच घराण्यातील मुलीला मनात किंतु न ठेवता दिलेली. तिच्यावर आमचे नाव आम्ही स्वतः विणलेले. पहिल्या वस्तूला दर्जा नाही असे राजवाड्याने १९५६ मध्ये ठरविले. दुसरीचा दर्जा कोणी विचारलाही नाही. तरी दोन्ही अजून जपलेल्या आहेत.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या नावे राजपत्रात काही ना काही छापून आले असेल, आणि काहींच्या नावे यावयाचे ते आले नसेल. हा लेख वाचून झाल्यावर त्यांनी एकवार ट्रंक उघडावी. तळाशी एखादा हाताने विणलेला गळपट्टा असेल तर तो उन्हात घालून, झटकून, वरच्या थरात ठेवावा. कसर लोकरीला लागते, आणि कोणाचा हात होता ही आठवणही लिहून ठेवली नाही तर एका पिढीत विरते. त्याची नोंद कोणत्याही कचेरीत नाही. म्हणून ती आपणच ठेवली पाहिजे.